आधी त्या चिंध्या शेडबाहेर काढा

पत्र असं आहे :

"आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. गावातल्या वडापाववाल्याकडून आणि एका फरसाणवाल्याकडून वापरून झालेलं तेल आणतो आणि गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं बायोडिझेल करतो. विहिरीवरच्या जुन्या इंजिनाला ते चालतं. गेल्या महिन्यात तेलाचा ३५ लिटरचा कॅन कलंडला. घाईत मी मोटर चालू करून पाण्याचा पाइप लावला. तेल शेडभर झालं, तिथून अंगणातल्या शहाबादी फरशीवर आणि पुढं गटारीत गेलं. आई घसरून पडली, मनगटाला प्लास्टर आहे. रोज निरमा टाकून घासतो, तरी फरशी काळी, चिकट आणि वासाची. वडिलांनी फरशीचं अॅसिड आणून ठेवलंय. टाकू का? आई म्हणते शनिवारी तेल सांडलं, आता हे बंद कर. तेल पुसलेल्या चिंध्या आणि पोती शेडमध्येच एका कोपऱ्यात आहेत, त्यांचंही काय करायचं ते सांगा."

तुमचं पत्र वाचताना मी शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. फरशी महिनाभर चिकट आहे, अजून दोन दिवस राहिली तरी चालेल. त्या चिंध्या मात्र आज, हे वाचून झालं की लगेच, शेडबाहेर काढा. मग पुढचं वाचा.

कारण सांगतो. मी उमेदीची बरीच वर्षं सांगलीजवळच्या एका तेलगिरणीत काढली. एका मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी तेल गाळायच्या यंत्राची, फिल्टर प्रेसची, फडकी बदलली. करडईच्या तेलानं भिजलेली जुनी फडकी कुणीतरी पोत्यात कोंबली आणि पोतं भिंतीला टेकवून ठेवलं. रविवारी गिरणी बंद. सोमवारी सकाळी दार उघडलं तर जुन्या रंगाचा डबा तापवल्यासारखा उग्र वास. पोत्याला हात लावला तर चटका बसला. अंगणात नेऊन ते उलटं केलं, तेव्हा वरची फडकी पिवळी, त्याखालची तपकिरी आणि मधली पार कोळसा झालेली. वारा लागला तसा त्या कोळशातून धूर निघाला आणि बघता बघता ज्योत आली. जवळ ना चूल होती, ना वायर, ना कुणाची विडी.

हे होतं कसं? तेल उघड्यावर वाळतं तेव्हा ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. फरशीवर पातळ थर असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते, कळतही नाही. बोळ्यात हवा आत जाण्यापुरती वाट असते, पण उष्णता बाहेर पडायला वाट नसते. ऊब वाढली की तेल आणखी वेगानं हवा घेतं, त्यानं ऊब आणखी वाढते, आणि शेवटी कापूस पेटतो. जवसाचं तेल यात सगळ्यात वाईट. करडई, सूर्यफूल, सोयाबीन त्याच्या मागोमाग. शेंगतेल बरंच सावकाश, पाम आणि खोबरेल आणखी कमी. तुमच्याकडं येणारं तेल कशाकशाचं मिश्रण आहे हे वडेवाल्यालाही सांगता येणार नाही, म्हणून सगळंच करडईचं आहे असं धरून चाला. त्यात तुमचं शेड पत्र्याचं, शेजारी गोठा, गोठ्यात कडबा असणारच, आणि तुम्ही लिहिलं नाही तरी बायोडिझेल म्हटलं की मिथेनॉलचा, म्हणजे तेलात मिसळायच्या विषारी आणि पटकन पेटणाऱ्या स्पिरिटचा, ड्रमही तिथंच असणार. महिनाभर काही झालं नाही म्हणजे पुढं होणार नाही असं धरू नका.

चिंध्या आणि पोती बाहेर न्या आणि एकेक सुटी करून तारेवर किंवा कुंपणावर पसरा. एकावर एक नको, गोठ्याजवळ नको. वाळून कडक झाली की त्यांच्यातली ऊब संपली. लगेच पसरायला जमत नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरा आणि त्यात बुडवून ठेवा. पोत्याला हात लावताना गरम लागलं तर ते घरात उघडू नका, ओढत मोकळ्या जागी न्या आणि भरपूर पाणी ओता. मिथेनॉल किंवा त्याच्याबरोबर लागणारा कॉस्टिक सोडा पुसलेल्या चिंध्या असतील तर त्या वेगळ्या ठेवा, चुलीत अजिबात नकोत.

आता अॅसिड. टाकू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. फरशी साफ करायचं अॅसिड त्यावर पडलं की फसफसतं, कारण दगडच विरघळायला लागतो. खात्री करायची असेल तर उरलेल्या एखाद्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब पिळून बघा, बारीक बुडबुडे दिसतील. अॅसिडनं तेल निघत नाही. दगडाची वरची गुळगुळीत पापडी जाते, छिद्रं उघडी पडतात आणि त्यात तेल आणखी खोल जिरतं. शेडमधल्या सिमेंटच्या कोब्याचंही तेच. शिवाय तुमच्या शेडमध्ये कॉस्टिक सांडलेलं असू शकतं, त्यावर अॅसिड पडलं तर एकदम तापून अंगावर उडेल. वडिलांना म्हणावं ते परत करा.

निरमा का चालला नाही, तेही समजून घ्या. घरात कढई घासणाऱ्या कुणालाही विचारा. कढईच्या कानाखाली, बाहेरच्या बाजूला, वर्षानुवर्षांची तपकिरी चिकट खापरी बसते. ती नखानं निघत नाही, साध्या साबणानं निघत नाही, ओल्या हाताला चिकटते. ते तेलच असतं, पण तापून आणि हवा लागून त्याचा जवळजवळ रोगण झालेला असतो. तुमच्या फरशीवर महिनाभरात तेच झालंय. वापरलेलं तेल आधीच कढईत तापून अर्ध्या वाटेवर आलेलं असतं, म्हणून ते ताज्या तेलापेक्षा लवकर धरतं.

त्यामुळं आधी पाणी बंद, खरवडणं सुरू. लांबी भरायची पत्र्याची पट्टी घ्या, धार आडवी धरा आणि चिकट थर कोरडाच खरवडा. निघालेला चिखल सुपलीत गोळा करा. मग कढत पाण्याच्या बादलीत वाटीभर धुण्याचा सोडा विरघळवा. खाण्याचा सोडा नव्हे, आणि कॉस्टिक तर नाहीच. हातात रबरी मोजे घाला. दोन हात लांबी-रुंदीचा एकच तुकडा घ्या, त्यावर हे पाणी पसरा आणि पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्या. जुन्या तेलात मोकळी आम्लं तयार झालेली असतात, सोडा त्यांचा साबण करतो आणि तो साबण उरलेलं तेल उचलतो. काथ्याच्या ब्रशनं घासा. आणि इथं बहुतेकांचं चुकतं : ते काळं पाणी पुढं ढकलू नका. तिथल्या तिथं भुसा टाकून किंवा फडक्यानं टिपून बादलीत घ्या. ढकललंत तर तेच तेल पुढच्या फरशीच्या सांध्यात जाऊन बसेल.

एवढ्यानं चिकटपणा जाईल. दगडात मुरलेला काळा डाग काढायचा असेल तर लेप लावा. शंखजिऱ्याची किंवा खडूची पूड घ्या, त्यात भांडी घासायचा लिक्विड साबण आणि थोडं गरम पाणी घालून थालीपिठाच्या पिठासारखं घट्ट मळा आणि डागावर बोटभर जाड थापा. वरून प्लास्टिकचा कागद घाला, रात्रभर ठेवा, सकाळी कागद काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना पूड खालचं तेल वर ओढते. दोन-तीनदा करावं लागेल. एवढं करूनही रंग थोडा गडद राहिला तर राहू द्या. दगडाचा रंग बदलला म्हणून कुणाचं मनगट मोडत नाही.

पुढच्या वेळेचं आता सांगून ठेवतो, कारण तेल हाताळणाऱ्याच्या हातून कधी ना कधी तेल सांडतंच. खरी चूक सांडण्यात नव्हती, पाइप लावण्यात होती. लिटरभर शेंगतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं. तुम्ही जितकं पाणी सोडाल तितकं ते पाण्याच्या पाठीवर बसून लांब जाईल. शेडच्या एका कोपऱ्यात राहिलं असतं ते तुम्ही अंगणात आणि गटारीत पोचवलं. आईंना हेच सांगा, दोष शनिवारचा नाही. पण त्यांनी "बंद कर" म्हटलंय त्यामागची भीती खरी आहे, त्याकडं नंतर येतो.

पाटाचं पाणी फुटलं की तुम्ही काय करता? आधी फोडलेला बांध बुजवता, मग पुढं आडवी माती ओढता. तेलाचंही तसंच. कॅन उभा करा. पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना लांब थांबवा. गटारीच्या तोंडाशी माती टाका, मग तेलाभोवती कोरड्या मातीचा किंवा वाळूचा गोल बांध घाला. आत साचलेलं तेल सुपलीनं भरून डब्यात घ्या. ते वाया जात नाही, वस्त्रगाळ करून, निवळून पुन्हा वापरता येतं. पामतेल असेल आणि थंडीची सकाळ असेल तर घाई नको, ते डालड्यासारखं थिजतं आणि उलथन्यानं वड्या पाडल्यासारखं निघतं.

उरलेल्या ओलीवर काहीही कोरडं आणि शोषणारं टाका. सुताराकडचा लाकडाचा भुसा, भाताचं तूस, साखर कारखान्यावरचं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. आपल्या जिल्ह्यात बगॅसला तोटा नाही, आणि ते तेल झकास पितं. खराट्यानं गोल गोल फिरवून चोळा, अर्धा तास थांबा, गोळा करा, पुन्हा नवीन टाका. दुसऱ्यांदा टाकलेलं कोरडंच राहिलं की समजा तेल निघालं. घरात वाटीभरच सांडलं असेल तर ज्वारीचं पीठ टाकावं, बायका पूर्वीपासून तेच करतात. राख कोरडी असेपर्यंत ठीक, पण ती ओली झाली की तिच्यातल्या क्षारानं तेलाचा साबण होतो आणि जागा आधीपेक्षा निसरडी होते. पाणी सगळ्यात शेवटी, आणि तेही सोड्याचं. चपला दारातच काढा, नाहीतर तळव्याला लागलेलं तेल स्वयंपाकघरात पोचतं आणि दुसरं कुणी घसरतं.

तेल प्यायलेला भुसाही चिंध्यांसारखाच तापतो, ढीग करून ठेवू नका. साध्या तेलाचा असेल तर शेणखताच्या उकिरड्यात पातळ पसरून, ओल्या शेणात नीट कालवून टाका. एका जागी जास्त झाला तर हवा कोंडून खत नासतं. वेलींच्या बुंध्याशी टाकू नका.

गटारीत गेलेल्या तेलाचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, पण तो मला चिंध्यांखालोखाल महत्त्वाचा वाटतो. "खायचंच तेल आहे, त्यानं काय होतंय" असं आपण म्हणतो. तासगाव भागातल्या ओढ्यांचं बरंच पाणी येरळेला जातं आणि येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. खायचं तेल पाण्यावर पसरलं की हवा आत जाणं कमी होतं. ते खायला जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यात आहे तो प्राणवायूही संपवतात, मासे गुदमरतात. पक्ष्यांच्या पिसांना तेल लागलं की त्यांची ऊब जाते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मँकाटो गावी जानेवारी १९६३ मध्ये सोयाबीन तेलाची टाकी फुटली आणि तेल नदीत गेलं. त्याच हिवाळ्यात दुसऱ्या ठिकाणाहून खनिज तेलही त्या नदीत आलं होतं. बर्फ वितळल्यावर दोन्ही तेलांत माखून हजारो बदकं मेली. तुमचे ३५ लिटर म्हणजे ती टाकी नव्हे, पण उन्हाळ्यात आपल्या ओढ्यात पाणीही डबक्यापुरतंच असतं.

म्हणून आज गटारीच्या कडेनं चालत जा. पाण्यावर तवंग दिसला तर कांद्याच्या जाळीदार पोत्यात उसाचं कोरडं पाचट ठासून भरा आणि ते गटारीत असं आडवं अडकवा की पाणी खालून जाईल आणि तेल पाचटात थांबेल. दुसऱ्या दिवशी पोतं बदला. विहीर जवळ असेल तर सकाळच्या उन्हात वाकून बघा, रंगीत झाक दिसली तर तवंग वरच्यावर भांड्यानं काढून घ्या.

इथवर नुसत्या तेलाचं झालं. तुमच्या शेडमध्ये त्याशिवाय चार चीजा आहेत, आणि सांडलं तर आधी ओळखायचं की काय सांडलं.

मिथेनॉल असेल तर भुसा विसरा. साधारण ११-१२ अंशांनाच त्याची वाफ पेट घेण्याइतकी होते, म्हणजे आपल्याकडं जवळजवळ बारा महिने. त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतसुद्धा नाही. विजेचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, चूल असेल तर विझवा, दारं उघडून सगळ्यांना बाहेर काढा. थोडं असेल तर वारा तुमच्या पाठीकडून येईल अशा बाजूनं येऊन वाळू टाका. जास्त असेल तर तुम्हीही आत जाऊ नका, अग्निशमनला १०१ वर फोन करा. अंगावर उडालं तर कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवा, कारण ते कातडीतूनही आत जातं. कुणाच्या पोटात गेलं तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. त्याचं विष बारा तास, कधी दिवसभरानंतर अंगात दिसतं आणि डोळे जातात. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका.

कॉस्टिक आणि मिथेनॉलचं मिश्रण याहून वाईट, ते भाजतं आणि पेटतंही. त्यावरही वाळूच. डोळ्यात थेंब गेला तर पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी आणि मग सरळ दवाखाना. खाली बसणारं काळं ग्लिसरीन गोडसर दिसतं, पण त्यात कॉस्टिक आणि मिथेनॉल दोन्ही उरलेलं असतं. जनावरांपुढं किंवा खतात जाऊ देऊ नका. तयार बायोडिझेल मात्र तेलासारखंच भुश्यानं उचलायचं. ते पातळ असल्यानं दगडात लवकर मुरतं, इतकंच. नीट धुतलेलं असेल तर शंभर अंशांच्या पुढं तापल्याशिवाय ते सहज पेटत नाही, पण त्यात मिथेनॉल राहिलं असेल तर हा भरवसा धरू नका.

आता आईंच्या म्हणण्याकडं. माझं प्रामाणिक मत त्यांच्या बाजूचं आहे. गोठा, कडबा आणि मिथेनॉल एका भिंतीला लागून नको. मिथेनॉल महाराष्ट्रात विषांच्या नियमांखाली येतं, ते बाळगायला परवाना लागतो, तो तुमच्याकडं नसेल तर काम तिथंच थांबवा. तुम्ही गोळा करता ते तेल पुन्हा तळणीत जात नाही, ही मात्र फार चांगली गोष्ट आहे. तेलातले पोलर घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तापून तेल बिघडल्यानं तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. त्याच वर्षी असं तेल गोळा करून बायोडिझेलच्या कारखान्यांकडं पाठवायची रुको नावाची योजनाही सुरू झाली. तेल गोळा करणं चालू ठेवा आणि ते नोंदणीकृत संकलकाला विका. मिथेनॉलची जोखीम कारखान्यांकडं राहील आणि वडेवाल्याच्या कढईतलं काळं तेल तुमच्यामुळं थांबेल.

त्यासाठीही तेल साठवावं लागेलच. शेडमध्ये दहा फूट बाय सहा फुटांचा चौक आखा आणि भोवती दोन इंच उंचीचा सिमेंटचा उंबरा घाला. त्या वाफ्यात २८० लिटर मावतं, म्हणजे २०० लिटरचं बॅरल पुरं फुटलं तरी तेल बाहेर येणार नाही. कोपऱ्यात बगॅसची दोन पोती आणि एक सुपली कायमची ठेवा.

सोड्याचं काळं पाणी बागेत ओतू नका. काळ्या रानात सोडा गेला की जमीन चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी, होते आणि कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींचं दुखणं तुम्हाला मी सांगायला नको. विहिरीपासून लांब, मुरमाच्या मोकळ्या जागेवर थोडं थोडं पसरा.

सगळं झालं की फरशीवर जागोजागी पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तिथं अजून तेल आहे, तेवढाच तुकडा पुन्हा घासा. थेंब पसरून दगड ओला दिसला तर तो भाग स्वच्छ. मग पाय ओले करून त्या फरशीवरून तुम्ही स्वतः अनवाणी दोन फेऱ्या मारा, आणि त्यानंतरच आईंना अंगणात येऊ द्या.